विहिरीच्या कातळात सापडलेले स्फटिक: आधी खडक ओळखा, मग खनिज

प्रश्न थोडक्यात असा. सिन्नर तालुक्यात विहीर खोदताना साधारण ३५ फुटांवर सुरुंगानंतर काळ्या कातळात एक पोकळी उघडी पडली. तिच्या भिंतीला हिरवट, मातकट पापुद्रा आहे. त्यावर फिकट गुलाबी-नारिंगी पंख्यांचे गुच्छ आणि त्यांच्यावर काचेसारखे स्वच्छ, टोकदार खडे. गावात कोणी हिरा म्हणतं, कोणी गारगोटी, कोणी तुरटी. हे नेमकं काय आहे, घरी ओळखता येईल का, दगड आणि खनिज यांत फरक काय, याला किंमत आहे का आणि विहिरीला पाणी लागेल का?

हिरा नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. तुरटीही नाही. तुरटी पाण्यात विरघळते, आणि ज्या पोकळीतून इतका प्रचंड काळ पाणी झिरपत आलं तिथे ती टिकलीच नसती. गारगोटीचे स्फटिक अशा पोकळ्यांत सापडतात, त्यामुळे तो तर्क अगदीच वावगा नाही, पण तुमच्या वर्णनाशी जुळत नाही. माझ्या अंदाजाने हिरवा पापुद्रा सेलॅडोनाइटचा आहे, पंखे स्टिल्बाइटचे आणि वरचे पाणीदार खडे अ‍ॅपोफिलाइटचे. नमुना हातात न घेता इतकं बोलतोय, कारण तुम्ही दोन मोलाच्या गोष्टी सांगितल्या आहेत: जागा सिन्नर आणि खडक काळा कातळ.

बहुतेक लोक सुटा खडा पुढे करतात आणि ‘हे काय?’ असं विचारतात. त्या वेळी मी उलट तीन प्रश्न विचारतो. कुठल्या खडकात होता? त्या खडकाच्या कुठल्या भागात होता? शेजारी काय होतं? ही उत्तरं मिळाली की हजारो खनिजांतून दहा-पंधरा नावं उरतात आणि पुढचं काम घरच्या साध्या चाचण्यांनी होतं. ही उत्तरं नसतील, तर रंग आणि चमक पाहून कितीही अंदाज बांधा, फसगत ठरलेली. रंग तर सगळ्यांत फसवा. एकाच खनिजात कणभर लोह किंवा व्हॅनेडियम शिरलं की रंग पार बदलतो, पण खनिज तेच राहतं.

आता दगड आणि खनिज यांतला फरक. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ज्याचे रासायनिक घटक ठरलेले असतात आणि ज्याच्या आत अणूंची मांडणीही ठरलेली असते. गारगोटीत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात, मग ती गारगोटी गोदावरीच्या पात्रातली असो की आल्प्समधली. आजवर जगात ६ हजारांच्या आसपास खनिजांना मान्यता मिळाली आहे. खडक म्हणजे खनिजकणांचा एकजीव झालेला समुच्चय. कधी तो जवळजवळ एकाच खनिजाचा असतो, जसा संगमरवर कॅल्साइटचा; बहुधा अनेकांचा असतो. खडकाला रासायनिक सूत्र नसतं, घडण असते: कण केवढे आहेत, एकमेकांत कसे गुंतले आहेत, थर आहेत का, पोकळ्या आहेत का. या घडणीवरून खडकाचा जन्म कसा झाला ते कळतं, आणि जन्म कळला की त्यात कुठली खनिजं असू शकतात आणि कुठली असूच शकत नाहीत, हेही कळतं.

६ हजार हा आकडा ऐकून दडपण घेऊ नका. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे. त्यामुळे आपल्या पायाखालचे बहुतेक खडक फेल्डस्पार, पायरॉक्सीन, अभ्रक, गारगोटी अशा मोजक्या सिलिकेट खनिजांचेच बनलेले असतात. ही सात-आठ खनिजं नीट ओळखता आली की निम्मी वाट सरली.

तुमचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यात मुख्यतः दोन खनिजं: करडं-पांढरं प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि काळपट हिरवं पायरॉक्सीन. जोडीला मॅग्नेटाइटसारख्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांचे बारीक कण. हे पडताळायचं तर दगड फोडून ताजा पृष्ठभाग पाहा. वाऱ्यापावसात राहिलेली बाजू तपकिरी पडते, तिच्यावर विसंबू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन तो तुकडा उन्हात तिरका धरला की चमचमणाऱ्या बारीक पट्ट्या दिसतात, ते फेल्डस्पार. दोऱ्याला छोटं पण जोरदार लोहचुंबक बांधून दगडाजवळ नेलं तर ते हलकंसं ओढलं जातं; ते मॅग्नेटाइट. एवढ्या बारीक कणांचा, जड, काळा, किंचित चुंबकीय दगड आणि जागा नाशिक-नगर-पुणे पट्ट्यातली, मग शंकेला जागा राहत नाही.

हा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि पसरत गेला. कळसूबाईपासून महाबळेश्वरापर्यंतचे सगळे डोंगर या थरांमधून कोरून निघालेले आहेत. झिजून झिजून आज उरलेलं क्षेत्रही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्याखाली येतो. जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल वेधन झालं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयना परिसरात ९०० मीटरहून अधिक खोल जावं लागलं आणि मग खाली जुना ग्रॅनाइटी पाया लागला. म्हणजे तुमच्या विहिरीच्या हिशेबात तळ लागण्याचा प्रश्नच नाही.

हे सगळं एका दमात साचलेलं नाही. एक प्रवाह थंड व्हायचा, त्यावर काही काळ जायचा, वरची कड कुजून तांबडी माती व्हायची, कुठे तळं साचायचं, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकायचा. मुंबईत वरळीला अशाच दोन प्रवाहांमधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. घाटातून जाताना काळ्या कड्यात जी तांबडी आडवी रेघ दिसते, ती दोन प्रवाहांमधली भाजलेली माती. आपल्याकडे तिला गेरू म्हणतात. ही रेघ लक्षात ठेवा, पाण्याच्या प्रश्नाला ती लागणार आहे.

लाव्हा पृष्ठभागावर आला की भराभर थंड होतो आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही, म्हणून बेसॉल्टचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तोच रस जमिनीखाली खोलवर हळूहळू थिजला असता तर कण मोठे झाले असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा ग्रॅनाइट बघा: त्यात गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक वेगवेगळे बोटाने दाखवता येतात. गंमत अशी की आपल्या बेसॉल्टमध्येही याला एक देखणा अपवाद आहे. कसारा घाटात आणि मंचरच्या परिसरात काही प्रवाहांत फेल्डस्पारच्या बोटाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. त्या लाव्हा बाहेर येण्याआधीच, खाली साठून राहिलेल्या रसात वाढलेल्या होत्या. उरलेला रस बाहेर येऊन झटकन थिजला आणि त्या तशाच अडकल्या. एकाच दगडात दोन वेग: मोठे कण सावकाश, बारीक कण घाईत. रस्त्याच्या कडेला असा दगड दिसला तर जरूर थांबा.

आता पोकळीकडे येऊ. लाव्ह्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी होतो, तसे बुडबुडे सुटतात आणि वर चढू लागतात. त्यामुळे एका प्रवाहाचा उभा छेद घेतला तर तो तीन भागांत दिसतो. अगदी तळाशी बारीक उभ्या नळ्या, कधी प्रवाहाच्या दिशेने कललेल्या. मध्ये एकसंध, टणक, जवळजवळ बुडबुडे नसलेला गाभा. खडीसाठी आणि बांधकामासाठी लोक हाच दगड शोधतात. आणि वरती बुडबुड्यांनी भरलेली, लवकर कुजणारी कड. तुमच्या भागातले प्रवाह बरेचदा लहान लहान जिभांसारखे एकावर एक पसरलेले असतात, त्यामुळे हे तीन भाग थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटतात. मोठ्या पोकळ्या बुडबुडे एकत्र येऊन होतात, किंवा वरची साय थिजल्यावर खालचा लाव्हा पुढे सरकून गेला की मागे उरतात. तुमची पोकळी यांतलीच कुठली तरी.

सुरुवातीला ती रिकामी होती. पुढे खडकाच्या भेगांतून पाणी फिरू लागलं. वर नव्या प्रवाहांचं ओझं आणि खाली अजून न निवलेला खडक, त्यामुळे ते गरम होतं. गरम पाण्याने बेसॉल्टमधली नैसर्गिक काच आणि फेल्डस्पार थोडं थोडं विरघळवलं आणि त्यातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अ‍ॅल्युमिनियम आपल्यासोबत घेतलं. पोकळीत आल्यावर तापमान आणि पाण्याची रसायनं बदलली, तसं एकेक खनिज भिंतीवर बसत गेलं. म्हणजे हे खडे लाव्ह्यातून आलेले नाहीत. ते नंतरचे पाहुणे आहेत, आणि पाणी हा त्यांचा कारागीर आहे. हिऱ्याचा प्रश्न इथेच निकालात निघतो. हिरा तयार व्हायला पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवरचा दाब लागतो, आणि तो वर येतो तो किंबर्लाइट व त्याच्या जवळच्या जातीच्या खडकांच्या नळ्यांतून. मध्य प्रदेशात पन्न्याला अशीच नळी आहे. बेसॉल्टच्या बुडबुड्यात झिरपत्या पाण्याने हिरा बसवणं शक्य नाही.

पोकळीतला क्रम वाचायला शिका, कारण या सगळ्यात सर्वांत आनंदाचा भाग तोच आहे. जे भिंतीला चिकटलेलं आहे ते आधीचं, जे त्यावर बसलं आहे ते नंतरचं. तुमच्याकडे भिंतीवर हिरवा मातकट पापुद्रा आहे. सेलॅडोनाइट हे अभ्रकाच्या कुळातलं, लोह आणि मॅग्नेशियम असलेलं खनिज. दख्खनच्या पोकळ्यांत ते बहुधा अस्तरासारखं पहिल्यांदा बसतं. काही पोकळ्यांत त्यावर अकीक किंवा गारगोटीचा थर येतो. मग येतात झिओलाइट, त्यांच्यावर किंवा त्यांच्या सोबतीने अ‍ॅपोफिलाइट, आणि बरेचदा सर्वांत शेवटी कॅल्साइट. प्रत्येक पोकळीत सगळे थर सापडतात असं नाही, मध्ये एखादं खनिज दोनदाही येतं. पण कोण कोणावर बसलंय हे नीट पाहिलं, तर त्या पाण्याचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणून कळकळीची विनंती: खडे काढण्याआधी पोकळीचे जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. एकदा खडा सुटा झाला की हा इतिहास कायमचा जातो.

झिओलाइट हे एक मोठं कुटुंब आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने अशा खनिजांचं पहिलं वर्णन केलं. तापवल्यावर हा दगड फसफसतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. कारण या खनिजांत अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा सांगाडा असतो, त्या सांगाड्यात अणूंच्या मापाची भुयारं असतात, आणि त्या भुयारांत पाणी व कॅल्शियम-सोडियम सैलसर बसलेलं असतं. तापवलं की पाणी निघून जातं, पण सांगाडा बहुतेक वेळा शाबूत राहतो. पाण्याचा जडपणा घालवायला झिओलाइट वापरतात ते याच गुणामुळे: पाण्यातलं कॅल्शियम आत घेतलं जातं आणि सोडियम बाहेर सोडलं जातं. अ‍ॅपोफिलाइट मात्र त्यांच्या शेजारी राहत असलं तरी त्या कुटुंबातलं नाही. त्यात पोटॅशियम, कॅल्शियम आणि बहुतेकदा फ्लोरीन असतं आणि अणूंची मांडणी थरांची असते. या थरांचा उपयोग आपल्याला लगेच होणार आहे.

घरी ओळखायचं कसं? आधी आकार. स्टिल्बाइटचे पातळ स्फटिक एकत्र येऊन मध्ये आवळलेल्या गवताच्या पेंढीसारखे दिसतात, दोन्ही टोकांना फुललेले; अर्धी पेंढी म्हणजे तुमचा पंखा. पृष्ठभागावर मोत्यासारखी झाक असते. अ‍ॅपोफिलाइटचे खडे चौकोनी बुंध्याचे असतात, वर चार बाजूंचं निमुळतं टोक, किंवा टोक सपाट कापल्यासारखं. गारगोटीचा खडा सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतात. म्हणून खडा वरून पाहा आणि बाजू मोजा. चार असतील तर गारगोटी बाद. ही एकच चाचणी पुष्कळ वाद मिटवते.

मग फुटण्याची रीत. एखादा आधीच तुटलेला तुकडा घ्या, चांगला खडा फोडू नका. अ‍ॅपोफिलाइट एका दिशेने सपाट, आरशासारखं फुटतं, कारण आत थर आहेत. त्या सपाट तोंडावर मोतिया चमक दिसते. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतं आणि कलत्या चौकटीचे तुकडे देतं; स्वच्छ तुकडा छापील अक्षरावर ठेवला तर अक्षर दोनदा दिसतं. गारगोटीला अशी ठरलेली दिशाच नसते. ती काचेसारखी, वक्र भेगांनी फुटते.

कठिनतेसाठी मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली श्रेणी आजही वापरतात: १ वर शंखजिरं, १० वर हिरा. नख साधारण अडीच, चांगला सुरा आणि बाटलीची काच साडेपाचच्या आसपास. जिप्सम २, कॅल्साइट ३, स्टिल्बाइट साडेतीन ते ४, अ‍ॅपोफिलाइट साडेचार ते ५, गारगोटी ७. तुमच्या स्वच्छ खड्याच्या तुकड्यावर सुऱ्याने ओरखडा उठला आणि तो तुकडा काचेवर ओरखडा काढू शकला नाही, तर गारगोटी नाही आणि हिरा तर नाहीच. ओरखडा उठला की नुसती पूड पसरली, हे बोटाने पुसून भिंगातून पाहा.

माझी आवडती चाचणी मात्र घनतेची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. सुटा, कोरडा खडा तोला. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. खडा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा हातात धरा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे खड्याचं घनफळ. समजा खडा २२ ग्रॅमचा आणि पाण्यात आकडा ९.५ आला, तर २२ भागिले ९.५, म्हणजे २.३. हे अ‍ॅपोफिलाइटशी जुळतं. गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७, स्टिल्बाइट साधारण २.१ ते २.२. हिऱ्याचं उत्तर साडेतीन यायला हवं. खड्याला खडक चिकटलेला असेल तर उत्तर वाढीव येईल, कारण बेसॉल्ट जवळपास ३ आहे.

कॅल्साइटची शंका असेल तर तुकड्याची पूड करून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे येतील. झिओलाइट किंवा गारगोटीवर येणार नाहीत. न्हाणीघर धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. डोळ्यांना आणि फुप्फुसांना धोका आहेच, शिवाय बरीच झिओलाइट खनिजं त्यात खराब होतात.

तुमच्या पोकळीत आणखी काही दिसू शकतं. सुईसारखे, एका बिंदूतून फुटलेले पांढरे स्फटिक असतील तर बहुधा स्कोलेसाइट. मऊ पांढऱ्या तंतूंचे गोळे दिसले तर ओकेनाइट. त्यांना बोट लावू नका, तंतू दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. पांढरे स्फटिक घरी आणल्यावर काही आठवड्यांत भुगा होऊ लागले तर ते लॉमोंटाइट. कोरड्या हवेत त्यातलं पाणी निघून जातं आणि ते ढासळतं. यात तुमची काही चूक नसते. गर्द निळे गोळे असतील तर मात्र तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभर गाजलेलं आहे, तितकं देखणं इतरत्र क्वचित मिळतं. पुण्याच्या पाषाण भागातलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट असंच प्रसिद्ध; तो हिरवा रंग अत्यल्प व्हॅनेडियमचा.

हीच रीत दुसऱ्या जिल्ह्यात वापराल तेव्हा आधी खडक बदलतो, हे विसरू नका. नागपूरच्या पूर्वेला जमीन फार जुन्या, रूपांतरित खडकांची आहे. तुमसरच्या बाजूला मँगनीज याच खडकांत सापडतं. चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळसा आणि वालुकाश्म, म्हणजे नद्यांच्या गाळाचे खडक. सिंधुदुर्गात बेसॉल्टच्या खालचे जुने थर वर डोकावतात. कोकणच्या सड्यांवर आणि पाचगणीच्या टेबललँडवर जांभा आहे: मूळ खडकातली सिलिका पावसाने धुऊन नेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. जांभ्याच्या चिऱ्यात भोकं असतात, पण ती बुडबुड्यांची नाहीत, आणि तिथे झिओलाइट शोधण्यात अर्थ नाही. उलट देशावर शेतात नांगरताना अकीक आणि गारगोटीचे गोटे मिळतात, कारण बेसॉल्ट कुजून काळी माती झाली तरी त्याच्या पोकळ्यांतली गारगोटी कुजत नाही. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी त्याच दगडाची पाती करून वापरली.

किमतीबद्दल. व्यापारी येतील आणि तुटक्या ढिगाला एक भाव सांगतील. खरं मोल अखंड, टोक न तुटलेल्या, खडकासकट निघालेल्या गुच्छाला असतं. सुट्या तुकड्यांना फारसं नाही. म्हणून खड्यावर छिन्नी लावू नका. त्याच्या चहूबाजूंचा दगड दूरवरून कापत या आणि पूर्ण ठोकळा बाहेर काढा. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. उकळू नका, कडक उन्हात तापवू नका. पोकळीत उतरण्याआधी सुरुंगाने हललेले वरचे दगड पहारीने पाडून घ्या. घाईत माणसं जखमी होतात ती इथेच. विकण्याचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ४८ नुसार खनिजांवरचा हक्क शासनाचा असतो, जमीन तुमची असली तरी. तुलना करून पाहायची असेल तर सिन्नरलाच गारगोटी नावाचं खनिज संग्रहालय आहे. आपला नमुना सोबत न्या आणि काचेआडच्या अ‍ॅपोफिलाइटशेजारी मनातल्या मनात ठेवून पाहा.

आता पाणी. पोकळी लागली म्हणजे पाणी लागणार, असा समज आहे आणि तो महागात पडतो. झिओलाइटने भरलेल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे ताज्या, न कुजलेल्या दगडात त्या पाणी साठवतही नाहीत आणि वाहूनही नेत नाहीत. पण पोकळ्यांचा हा दगड कुजला की मऊ पडतो, मुरूम होतो, आणि मग त्यात पाणी छान खेळतं. एकसंध काळ्या गाभ्यात पाणी फक्त भेगांतून येतं. म्हणून विहिरीच्या भिंती वरपासून खाली नीट पाहा आणि तीन गोष्टी टिपा: मुरूम कुठे संपतो, गेरूचा तांबडा थर कुठे आहे, आणि कुठल्या भेगांच्या तोंडाशी ओल किंवा पांढरट-पिवळट डाग आहेत. गेरू चिकणमातीसारखा असतो. पाणी त्यातून सहज उतरत नाही, वरच्या बाजूला अडतं आणि तिथे झरे फुटतात. तुमची पोकळी अशा गेरूच्या थराच्या लगेच खाली असेल, तर तुम्ही प्रवाहाच्या वरच्या कडेत आहात आणि खाली एकसंध गाभा येणार, हे गृहीत धरून खर्चाचा विचार करा.

आडवे बोअर घ्यायचे तर ओल दिसणाऱ्या भेगेच्या किंवा मुरुमाच्या पातळीवर घ्या, कोरड्या गाभ्यात नको. तळाला उभं बोअर मारायची घाईही नको. खाली कोरड्या भेगा असतील तर कधीकधी वरचं पाणीच त्यातून निघून जातं, आणि गेरूचा थर भेटला तर तो फुगून बोअर ढासळतं, तिथे केसिंग लागतं. आजूबाजूच्या विहिरींत मे महिन्यात पाणी किती फुटांवर असतं आणि कुठल्या उंचीवर झरा आहे, हे चार ठिकाणी विचारून वहीत लिहा. ते आकडे आणि भिंतींचे फोटो घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. तुमच्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरही पाहायला मिळतो. घनतेचं उत्तर आणि खड्याच्या बाजूंची संख्या कळवलीत, तर खड्याचं नाव मी नक्की करून सांगेन. पाण्याबद्दल मात्र भिंतीच्या नोंदी हाती आल्याशिवाय पुढचा सुरुंग लावू नका.